पंखा बंद ठेवावा

बाईंचा कान तिखट आहे, असं सगळी शाळा म्हणायची. सुरुवातीच्या वर्षांत तर वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत असल्या, तरी मागच्या बाकावर कोण ‘श’च्या जागी ‘स’ म्हणालं हे त्या नावानिशी सांगायच्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव ‘कानसेन’ पडलं होतं आणि ते बाईंना मनातून आवडायचं.

वीसेक वर्षं त्या लहान मुलांना वाचायला शिकवत होत्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. अक्षर नंतर, आधी आवाज. ‘क’ आधी तोंडात शोधा, मग पुस्तकात, असं त्या मुलांना सांगायच्या. पातळ कागदाची पट्टी तोंडासमोर धरायला लावायच्या. ‘प’ म्हटलं की पट्टी जेमतेम हलायची, ‘फ’ म्हटलं की फडफडायची, आणि पहिलीची पोरं या एवढ्याशा गोष्टीवर जाम खूश व्हायची. गेल्या काही वर्षांत बाईंनी वर्गात छोटे आरसेही आणले होते. जीभ दाताला कुठे लागते, ओठ कसे मिटतात, हे मुलांनी स्वतः बघायचं आणि शेजाऱ्याच्या तोंडाकडेही बघायचं. ही पद्धत बघायला दुसऱ्या शाळांमधून शिक्षक यायचे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या की आमच्याकडे आवाज डोळ्यांनी शिकवतात. आपण आता जास्त चांगलं शिकवायला लागलो आहोत, असं बाईंनाही वाटत होतं.

घरी नवरा शिवणकाम करायचा. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणायचं. घरात एक बाई आणि एक मास्तर, पण शिकवणारी एकटी बाईच, हा विनोद ओळखीतले लोक दर वेळी नव्याने सुचल्यासारखा करायचे. मास्तरांना टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय होती. ते काय पुटपुटतात हे बाईंना कळायचं नाही आणि त्या वैतागायच्या. “अहो, आधी त्या टाचण्या काढा तोंडातून,” असं त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मास्तरांनी हळूहळू बोलणंच कमी केलं. माणसं वयाप्रमाणे अबोल होतात, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. ती नोकरी सांभाळून पुढचं शिकत होती. रविवारी तिचा फोन यायचा. अलीकडे तो फार लवकर संपायचा, पण तिला कामं असतील, असं बाई म्हणायच्या.

त्या वर्षी बाईंकडे तिसरीचा वर्ग होता. शिवाय रोज शेवटच्या तासाला पहिलीच्या मुलांना आवाज शिकवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. तिसरीच्या वर्गात दोन मुली एकाच बाकावर बसायच्या, पण स्वभावाने दोन टोकांच्या. एकीला सगळे ‘वकील’ म्हणायचे, तिचे आईवडीलसुद्धा. उद्या लवकर या, एवढं बाईंनी सांगितलं तरी तिचे दोन प्रश्न ठरलेले असायचे, का आणि किती लवकर. दुसरी मुंगी. अंगाने बारीक, आवाजानेही बारीक. एकदा बाईंनी वर्गाला उपमा शिकवताना मित्रमैत्रिणीच्या आवाजावर एकेक वाक्य लिहायला दिलं. कुणी लिहिलं की दादाचा आवाज रिकाम्या पिंपासारखा, कुणी लिहिलं की काकूचा आवाज दाराच्या कडीसारखा. वकिलाने लिहिलं, ‘मुंगीचा आवाज उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखा.’ बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहून वाहवा केली. उशीखालच्या घड्याळाची टिकटिक वकिलाला अगदी नीट ऐकू येते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मुंगीबद्दल बाईंचं मत वेगळंच होतं. तोंडी वाचनात मुंगी ‘खार’ म्हणायची तेव्हा बाईंना नुसतं ‘आर’ ऐकू यायचं. ‘साप’चा ‘आप’ व्हायचा, ‘थाळी’ची ‘आळी’. मुलगी पहिला आवाज गिळते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तिच्या आईला बोलावून तसं सांगितलं. मुंगीची आई एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. दिवसभर उभं राहून थकलेली ती बाई म्हणाली की घरी तर ही नीट बोलते. बाईंनी तिला समजावलं की घरच्यांच्या कानाला सवय झालेली असते, त्यांना चूक कळत नाही. मग मुंगीला रोज शेवटच्या तासाला पहिलीच्या वर्गात बसवायला सुरुवात झाली. बाक लहान, तिचे गुडघे वर यायचे, आणि बाजूला साडेपाच-सहा वर्षांची पोरं. घरी आई कामावरून आली की आरशासमोर उभं करून तिच्याकडून तेच शब्द घोकून घ्यायची. अर्धं वर्ष असं चाललं. मुंगीने तक्रार केली नाही. निदान बाईंना तरी ती कधी ऐकू आली नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिसरीला मत कसं मांडायचं ते शिकवायचं होतं. हा बाईंचा आवडता भाग. मला आंबट आवडतं, हे मत नव्हे, ती आवड झाली, असं त्या सांगायच्या. ज्याच्यावर दुसरा कुणी भांडू शकतो ते मत. आधी मत सांगायचं, मग कारणं, मग एक तरी खरं घडलेलं उदाहरण, आणि शेवटी पुन्हा मत, पण वेगळ्या शब्दांत. दप्तराचं वजन कमी करावं, मधली सुट्टी मोठी असावी, धाकट्या भावाला मारायची परवानगी असावी, असे विषय मुलांनी घेतले. वकिलाने लिहिलं की वर्गातला पंखा तास चालू असताना बंद ठेवावा, कारण त्याच्या खडखडीमुळे ऐकू येत नाही. बाईंनी खाली लाल शाईने शेरा मारला, ‘कारण मोघम आहे. कुणाला ऐकू येत नाही? नेमकं लिही. उदाहरण दे.’

पालकांच्या भेटीच्या दिवशी सहा मुलांनी आपलं मत वाचून दाखवायचं असं ठरलं आणि त्यात वकील होती. बाईंनी आदल्या दिवशी तालीम घेतली. मुलं फळ्याजवळ उभी राहून वाचत होती, बाई मागच्या बाकावर बसून दुसऱ्या वह्या तपासत होत्या. वकिलाने कागद तोंडासमोर धरून सगळं वाचलं. वाचन थांबल्याचं दिसल्यावर बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, “छान. उद्या अजून मोठ्याने.”

भेटीच्या दिवशी वर्ग खचाखच भरला होता. पालक मुलांच्या बाकांवर अवघडून बसले होते, काही भिंतीला टेकून उभे होते. उकडत होतं म्हणून कुणीतरी पंखा पूर्ण वेगावर केला. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या. मुलं टेबलाजवळ पालकांकडे तोंड करून वाचत होती आणि बाई त्यांच्या मागे, फळ्याला लागून, बरोबर पंख्याखाली उभ्या होत्या.

वकिलाची पाळी आली. ती खणखणीत आवाजात वाचू लागली.

“माझं मत असं आहे, की वर्गातला पंखा तास चालू असताना बंद ठेवावा. पहिलं कारण, पंख्याच्या आवाजात आमच्या बाईंना ऐकू येत नाही. दुसरं कारण, बाई आमच्या तोंडाकडे बघून ऐकतात, म्हणून मागे बसलेल्या मुलांचं त्यांना कळत नाही. उदाहरण. मुंगी ‘खार’ म्हणाली तेव्हा आम्हा सगळ्यांना ‘खार’ ऐकू आलं. बाईंना ऐकू आलं नाही. म्हणून मुंगीला पहिलीत बसावं लागतं. पंखा बंद केला तर थोडं गरम होईल, पण बाईंना आमचं बोलणं कळेल. म्हणून गरम झालं तरी चालेल, असं मला वाटतं.”

तिने कागद खाली घेतला. बाईंना फक्त तिची पाठ दिसत होती आणि कागद खाली आलेला दिसला.

“छान,” बाई म्हणाल्या. “खूप छान. टाळ्या.”

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे एका गृहस्थांनी एकदा हात जुळवले आणि तसेच मांडीवर ठेवले. दुसऱ्या रांगेत मुंगीची आई बसली होती, तिचा हात तोंडावर गेला होता. लोक लाजताहेत असं वाटून बाई पुन्हा हसून म्हणाल्या की एवढं चांगलं वाचलं पोरीने, वाजवा की टाळ्या. तेव्हा वकील वळली. तिचा चेहरा गोंधळला होता.

“बाई, त्यांना वाटतंय मी तुमची तक्रार केली.”

आता ती समोर होती, म्हणून बाईंना प्रत्येक शब्द कळला. कसली तक्रार, असं त्यांनी विचारलं. वकिलाने कागद त्यांच्या हातात दिला.

बाईंनी तो वाचला. पहिल्यांदा वाचताना त्यांना फक्त एवढंच दिसलं की मांडणी बिनचूक आहे. मत, दोन कारणं, उदाहरण, शेवट, सगळं जागच्या जागी. मग दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांना त्याचा अर्थ लागला. सवयीने तोंडातून निघालं, “पुढचा.”

पुढचा मुलगा वाचायला उभा राहिला. बाई फळ्याजवळून निघाल्या, पालकांमधून वाट काढत समोरच्या एका बाकाच्या कडेला जाऊन बसल्या. मुलगा दप्तराच्या वजनाबद्दल बोलत होता आणि त्यांना ते कळत होतं. मग त्यांनी डोळे मिटले. एका क्षणात शब्द नाहीसे झाले. पंख्याची घरघर आणि तिच्याखाली आ, ओ, ई असं काहीतरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखं. त्यांनी डोळे उघडले, शब्द परत आले. पुन्हा मिटले, पुन्हा गेले. भर वर्गात, सगळ्या पालकांच्या समोर, त्या डोळ्यांची उघडझाप करत बसल्या होत्या आणि लोकांना वाटलं की बाई रडू आवरताहेत. रडू वगैरे काही नव्हतं. आपलं डोकं फिरलंय की काय, अशी त्यांना भीती वाटत होती.

कार्यक्रम कसाबसा संपला. मोठ्या बाईंनी वकिलाला, तिच्या आईवडिलांना आणि बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. वडील खजील होऊन पुन्हा पुन्हा माफी मागत होते. वकील रडत होती, पण रडतानाही तिचा मुद्दा सुटला नव्हता. तिने हुंदके देत सांगितलं की हे तिने तालमीत वाचलं होतं, बाई छान म्हणाल्या होत्या, म्हणून बाईंना चालतं असं तिला वाटलं. कुणाला ऐकू येत नाही ते नेमकं लिही, असा शेराही बाईंचाच होता.

मोठ्या बाईंनी विचारलं की हे आणखी कुणाला माहीत आहे. वकील म्हणाली, सगळ्या वर्गाला. हात वर केला की बाई बघेपर्यंत कुणी बोलत नाही. बाई फळ्याकडे वळल्या असताना काही सांगायचं असेल तर एकजण पुढे जाऊन टेबलावर टकटक करतो. पहिलीच्या मुलांनाही हे मोठ्यांनी शिकवलंय. हे सांगून तिने बाईंकडे पाहिलं आणि तिचं रडणं थांबलं.

“बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यावर त्या पोरीचा चेहरा असा झाला की बाईंना तो पुढे कितीतरी दिवस डोळ्यांसमोर दिसत राहिला. बाईंना सगळं माहीत असतं, हे त्या मुलीने तोवर धरूनच चाललं होतं.

बाहेर व्हरांड्यात मुंगीची आई उभी होती. मुंगी तिच्या मागे, तिची ओढणी बोटाला गुंडाळत. आईने आवाज चढवला नाही. बाईंच्या अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, “मी तुम्हाला म्हटलं होतं, घरी नीट बोलते.” बाईंनी हो म्हटलं. मग आईने विचारलं, “मग आता माझ्या मुलीचं काय?” उद्यापासून ती पहिलीत बसणार नाही, एवढंच त्या बोलू शकल्या आणि ते फार तोकडं आहे हे त्यांनाही कळत होतं.

घरी मास्तर कोटाची बाही लावत होते. बाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या, टाचण्यांच्या गादीत खोचल्या.

“मला वाटायचं तू मुद्दाम उत्तर देत नाहीस,” ते म्हणाले.

कशाबद्दल, असं बाईंनी विचारलं. कशाहीबद्दल, असं मास्तर म्हणाले. तिच्या मनातून आपण उतरलो, अशी त्यांची दोन वर्षांपूर्वीच खात्री झाली होती. मागून हाक मारली की ती वळायची नाही. स्वयंपाकघरातून काही विचारलं की ‘हं’ म्हणायची आणि तिसरंच काहीतरी करायची. आपल्या बायकोला आपला कंटाळा आलाय, हे मान्य करून ते निमूट कपडे शिवत बसले होते. हे ऐकून बाईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी दोघंही गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचाही आता दोघांना धसका वाटला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकान बंद ठेवलं आणि बाईंना कानाच्या तपासणीला नेलं. काचेच्या छोट्या खोलीत बाईंना बसवून कानांवर हेडफोन चढवले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तोंडासमोर कागद धरला आणि एकेक शब्द उच्चारून तो परत म्हणायला सांगितला.

“आर,” बाई म्हणाल्या.

दुसरा शब्द. “आर.” तिसरा. “आर.” चौथ्या वेळी बाई थोड्या चिडल्या, एकच शब्द किती वेळा, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून काचेला लावला. त्यावर लिहिलं होतं: खार, चार, फार, तार.

हेच शब्द बाईंनी स्वतः फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. काचेपलीकडे उभ्या असलेल्या मास्तरांनी बघितलं की बायकोने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या आहेत.

नंतर डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. जाड, खालच्या पट्टीतले आवाज शाबूत होते. बारीक, फुंकरीचे आवाज उतरणीला लागल्यासारखे खाली गेले होते. हे एका दिवसात झालेलं नाही, त्या म्हणाल्या, सात-आठ वर्षं तरी हळूहळू चाललंय. इतके दिवस तुम्ही ओठ वाचून निभावलंत. बाई म्हणाल्या की मी ओठ वाचायला कधी शिकलेच नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कामाबद्दल विचारलं, आरशांची आणि कागदाच्या पट्टीची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या की मग तर मुलांना शिकवता शिकवता तुम्ही स्वतःच शिकलात. ज्या पद्धतीचं कौतुक करायला लोक लांबून यायचे, ती बाईंनी नकळत स्वतःसाठी काढली होती. मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, फोनवर कसं करता, तिथे तर चेहरा दिसत नाही. बाई म्हणाल्या, बोलते की. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आणि पलीकडचं माणूस काय बोलतं?”

परत येताना बाई रस्ताभर आपलेच शब्द मोजत आल्या. वर्गात ‘छान’, घरी ‘हं’, फोनवर ‘बरं झालं’. जिथे कळलं नाही तिथे हे शब्द भरत गेल्याचं त्यांना आता एकेक आठवत होतं, पण पुढचं माणूस त्या वेळी काय म्हणालं होतं ते कसं आठवणार? ते मुळात त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना मुलीला व्हिडिओवर फोन लावायला सांगितलं. मुलीचा चेहरा दिसला. बाईंनी तपासणीचं सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडत गेला. बाईंनी विचारलं की गेल्या वर्षभरात मी तुला काही भलतंच बोलले का. मास्तरांनी फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला आणि तेही शेजारी येऊन बसले.

“मी तुला सांगितलं होतं, आई,” मुलगी म्हणाली. “दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात पडलं. मी हॉस्पिटलमधून फोन केला होता. तू म्हणालीस, बरं झालं, आता अभ्यासाकडे लक्ष दे.”

बाईंना तो फोन आठवत नव्हता. त्यांनी खूप आठवून पाहिलं. रविवार होता की नव्हता, त्या उभ्या होत्या की बसलेल्या, काहीच नाही. त्यांच्या लेखी तो एक साधा फोन होता, पोरीने काहीतरी सांगितलं आणि त्यांनी आईसारखं काहीतरी म्हटलं. शिक्षण पुरं होईपर्यंत मूल नको, असा बाईंचा आग्रह पहिल्यापासून होता. त्यामुळे मुलीने तो शब्द खराच मानला. आईला आनंद झाला, असं समजून ती वर्षभर जेवलीस का, बरी आहेस का, एवढंच बोलून फोन ठेवत होती. बापालाही तिने सांगितलं नव्हतं. मास्तर उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

“मला ऐकू नाही गं आलं,” बाई म्हणाल्या. मुलगी रडत होती आणि तिच्या तोंडावर हात होता, त्यामुळे मधे ती काय म्हणत होती हेही बाईंना कळत नव्हतं. हात काढ, तोंडावरचा हात काढ, असं त्या परत परत सांगत राहिल्या.

मुलगी पुढच्याच आठवड्यात आली. आईच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. ती आठ दिवस राहिली. मायलेकींचं सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. इतके दिवस तू कुणालाच ‘काय?’ म्हणून परत विचारलं नाहीस, हे तुला विचित्र नाही वाटलं का, असं मुलीने एकदा तोंडावर विचारलं आणि बाईंना ते झोंबलं. पण आता ती कमी बोलून फोन ठेवत नाही. भांडायचं असलं तरी चेहरा दाखवून भांडते.

दरम्यान बाईंच्या दोन्ही कानांत यंत्रं बसली. पहिले काही दिवस त्या दचकून दचकून जगल्या. फळ्यावर खडू किंचाळतो, कागदाचं पान उलटताना पत्रा वाकवल्यासारखा आवाज होतो, आपल्याच चपला फटाफट वाजतात, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. वर्गात त्यांनी हे सगळं मुलांना सांगितलं आणि त्यावर उपमा करायला लावल्या. मुलांनी आलटून पालटून यंत्राच्या जवळ जाऊन कुजबुजून पाहिलं. वकील मात्र चार दिवस बिचकून होती. पाचव्या दिवशी तिने विचारलं की यंत्राची बॅटरी तासाच्या मधेच संपली तर काय करायचं ठरलंय.

मुंगीचं वाचन बाईंनी नव्याने घेतलं, पंखा बंद करून, मोठ्या बाईंच्या समोर. खार, साप, थाळी, फळी, छत्री. एकही आवाज गळला नाही. मुळात कधीच गळला नव्हता. बाई तिच्या घरी गेल्या आणि तिच्या आईसमोर मुंगीची माफी मागितली. आई म्हणाली की ठीक आहे, झालं ते झालं. पण मग तिने मुंगीला काहीतरी वाचायला सांगितलं आणि बाईंना म्हणाली, हिच्या तोंडाकडे बघा. मुंगी प्रत्येक शब्दाला तोंड वेडंवाकडं उघडत होती, ओठ ताणत होती, जीभ दाखवत होती. सहा महिने आरशासमोर उभं राहून लागलेली सवय. शाळेबाहेरची मुलं तिला त्यावरून चिडवायला लागली होती. लाँड्रीतल्या बाईने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं दाखवलं. बाई तिथे बसून ते बघत राहिल्या.

मोठ्या बाईंचं म्हणणं होतं की प्रकरण मिटलं आहे, यंत्रं आली आहेत, पालक विसरतील, पुढच्या वर्षीही पहिलीचा आवाजांचा तास बाईंकडेच राहू दे. शाळेचं त्यात नाव होतं. बाईंनी थोडे दिवस मागितले. मग वर्ष संपता संपता त्यांनी तिसरीच्या वर्गाला मत लिहायला शेवटचा विषय दिला: पुढच्या वर्षी बाईंनी पहिलीला आवाज शिकवावेत की शिकवू नयेत. खरं मत लिहा, बाईंना वाईट वाटेल असं समजून लिहू नका, असं त्यांनी बजावलं. तरीही बहुतेकांनी शिकवावेत असंच लिहिलं. कारणं द्यायची म्हणून दिली होती, बाई चांगल्या आहेत, बाई पट्टी फडफडवायला देतात. वकिलाने दोन्ही बाजू लिहिल्या आणि निकाल राखून ठेवला.

मुंगी कागद घेऊन पुढे आली. तिने तो तोंडासमोर धरला नाही, खाली धरला.

“बाईंनी आवाज शिकवू नयेत,” ती म्हणाली. “कारण बाईंना अजून सगळं ऐकू येत नाही. त्या माझ्या तोंडाकडेच बघतायत.”

बाईंच्या कानांत यंत्रं होती, पंखा बंद होता, आणि तरीही त्या खरोखरच मुंगीच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांना हे कुणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. त्यांनी मुंगीला विचारलं की अजून काही लिहिलंय का. मुंगीने नाही म्हणून मान हलवली. उदाहरण राहिलं, असं वकील मागून म्हणाली, आणि मग स्वतःच गप्प झाली.

मधल्या सुट्टीत बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि पहिलीचा तास सोडला. शेजारच्या वर्गावर एक नवी, तरुण शिक्षिका आली होती, तिला त्यांनी आरसे आणि पट्ट्या देऊन टाकल्या. आधी डोळे मिटून ऐकत जा, मग हे वापर, एवढंच तिला सांगितलं. स्वतः त्यांनी चौथीचा वर्ग घेतला, नुसतं लिहिण्याचं काम असलेला. मुंगी आणि वकील दोघीही त्याच वर्गात आल्या. मुंगी अजूनही तोंड फार उघडून बोलते. बाईंना ते रोज दिसतं.